रिमोट लॉकचा रिसीव्हर बदलल्यास जुन्या चाव्या चालतील का?

प्रश्न (शाहूपुरी, कोल्हापूर):
गेल्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी साचून माझ्या गाडीतील चालकाच्या बाजूचे मॅटिंग भिजले. तेव्हापासून रिमोट अगदी जवळून दाबला तरच दार उघडत असे, आणि आता तेही बंद झाले आहे. दोन्ही रिमोटमध्ये नवीन सीआर 2032 सेल घातले. किल्लीने दार उघडते, इंजिनही सुरू होते. एका गॅरेजमध्ये संपूर्ण बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दारांची कुलपे, दिवे वगैरे सांभाळणारा गाडीतील इलेक्ट्रॉनिक भाग) बदलण्यास सांगितले आहे. केवळ रिसीव्हर (रिमोटचा संदेश पकडणारा गाडीतील भाग) बदलून भागेल का?

उत्तर (उद्यमनगर):
इंजिन सुरू होते, याचा अर्थ आपला इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) शाबूत आहे. किल्लीतील त्याच्या चिपला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवतीच्या कॉइलकडून तिला शक्ती मिळते, तर दार उघडणारा संदेश 433.92 मेगाहर्ट्झवर वेगळ्याच वाटेने जातो. दोन्ही रिमोट एकाच वेळी बिघडणे दुर्मीळ असल्याने दोष गाडीच्या बाजूला शोधावा. तथापि मॉड्यूलचा खर्च करण्यापूर्वी फ्यूज तपासा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि रिसीव्हरचा कनेक्टर उघडून पिनांवर हिरवट गंज चढला आहे का ते पाहा. पल्ला हळूहळू घटत गेला, यावरून मला अँटेनाच्या वायरचाही संशय येतो.

उत्तर (कसबा बावडा):
वरील सल्ल्याशी सहमत आहे. काही गाड्यांत मात्र रिसीव्हर मॉड्यूलच्या सर्किटवरच असतो, तेव्हा तो सुटा मिळत नाही. म्हणून आधी पार्ट नंबर जुळवावा. परदेशातून आलेला 315 मेगाहर्ट्झचा भाग दिसायला सारखा असला तरी आपल्या रिमोटला प्रतिसाद देणार नाही. रिमोट प्रत्येक दाबाला नवा कोड पाठवतो आणि रिसीव्हर प्रत्येक रिमोटची ओळख व दाबांची मोजणी जपून ठेवतो, त्यामुळे नव्या रिसीव्हरला जुने रिमोट स्कॅनरने (गाडीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला जोडायच्या उपकरणाने) पुन्हा शिकवावे लागतात. पुष्कळ गाड्यांत त्या वेळी आधीची नोंद पुसली जाते, म्हणून घरातली दुसरी चावी विसरू नका. प्रोग्रॅमिंगच्या मध्येच व्होल्टेज पडल्यास काम अर्धवट राहते. बॅटरी चार्ज करूनच गाडी न्या.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. डॅशबोर्डखालचा कनेक्टर उघडला. दोन पिना हिरव्या झाल्या होत्या. कॉन्टॅक्ट क्लीनरने स्वच्छ केल्यावर दोन्ही रिमोट चालू झाले, परंतु पल्ला अजून चार पावलांचाच आहे. रिसीव्हर सुटा मिळतो, हे पार्ट नंबरवरून कळले. तरी आधी अँटेनाची वायर तपासून घेतो आणि मगच तो मागवतो.