मानेतील गाठींसाठी आधी सोनोग्राफी करावी की थेट सीटी स्कॅन?

सायली_मो : माझ्या मोठ्या बहिणीच्या मानेत उजव्या बाजूला, जबड्याच्या कोनाखाली, महिन्याभरापासून दोन गाठी हाताला लागत आहेत. ताप नाही, वजन उतरलेले नाही, पण प्रतिजैविकांचा कोर्स होऊनही गाठी तशाच आहेत. फॅमिली डॉक्टरांनी सोनोग्राफी सुचवली आहे, तर नातेवाइकांचा आग्रह थेट सीटी स्कॅनचा आहे. सध्या एकाच तपासणीचा खर्च झेपेल. सोनोग्राफीतून नेमके काय कळते आणि अहवालात कोणत्या नोंदी असायला हव्यात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

औदुंबर : खर्चाचा विचार बाजूला ठेवा आणि कॉन्ट्रास्टसह (शिरेतून औषध देऊन, म्हणजे चित्र ठळक येते) सीटी करून मोकळे व्हा. मी सुरुवातीलाच सीटी करून घेतले आणि मानेपासून छातीपर्यंतचे सारे चित्र डॉक्टरांच्या हाती एकदम आल्यामुळे माझे पुढचे हेलपाटे वाचले. घशाच्या मागच्या लसिका ग्रंथी (लिम्फ नोड, ज्या वाढल्या की गाठ लागते) सोनोग्राफीत दिसत नाहीत. जमल्यास पेट स्कॅनही करून टाका.

रानजाई : एवढी घाई कशाला करायची? माझ्या मुलाच्या गाठी सोनोग्राफीत साध्या, संसर्गामुळे वाढलेल्या निघाल्या. त्यातली एक अजूनही हाताला लागते, पण तो ठणठणीत आहे. आम्हाला स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांनी सूज लगेच उतरली. त्यांबद्दलही विचारून पाहा.

ध्रुव_क्ष : मी रेडिओलॉजी विभागात काम करतो. रानजाईताई, निदान होण्याआधी स्टिरॉइड देणे धोक्याचे असते, कारण लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) असेल तर गाठ तात्पुरती आक्रसते आणि नंतरच्या बायोप्सीत आजार निसटू शकतो. औदुंबर यांनी सांगितलेली मर्यादा खरी आहे, पण इथे प्रश्न कातडीजवळच्या गाठींचा आहे, आणि तिथे उच्च वारंवारतेच्या लिनिअर प्रोबने (कातडीवर फिरवायच्या सोनोग्राफीच्या उपकरणाने) ग्रंथीच्या आतली रचना सीटीपेक्षा बारकाईने दिसते, तीही क्ष-किरणांशिवाय.

सायली, पडद्यावर साधी ग्रंथी लांबट आणि करडी दिसते व तिच्या मध्यातून एक पांढरी रेघ जाते. ही रेघ म्हणजे हायलम, जिथून रक्तवाहिन्या आत शिरतात. डॉप्लर (रक्तप्रवाह रंगांत दाखवणारी सोनोग्राफीची सोय) लावल्यावर रक्तप्रवाहाचे रंग याच रेघेतून फांद्यांसारखे पसरताना दिसले तर ते समाधानकारक असते. हायलम नाहीसे झाले असेल आणि प्रवाह ग्रंथीच्या कडेकडेने दिसत असेल तर शंका घ्यावी लागते. आखूड व्यासाला लांब व्यासाने भागून येणारा आकडा ०.५ पेक्षा जास्त असेल तर ग्रंथी गोलाकडे झुकली असे समजतात. मात्र जबड्याखालच्या ग्रंथी निरोगी माणसातही बऱ्याचदा गोलसर असतात, म्हणून एकट्या आकारावरून निकाल देऊ नये. शिवाय प्रोब जोराने दाबला तर बारीक वाहिन्यांतला प्रवाह दिसेनासा होतो, त्यामुळे तपासणाऱ्याचा हात हलका असावा लागतो.

औदुंबर : माझ्या अहवालात गाठ १४ मिलिमीटरची होती आणि शेवटी काहीच निघाले नाही. लांबी-रुंदीचा एवढा बाऊ कशासाठी?

ध्रुव_क्ष : ते १४ मिलिमीटर लांब व्यासाचे की आखूड व्यासाचे, हे आधी पाहावे लागेल. साधारणपणे आखूड व्यास १० मिलिमीटरच्या पुढे गेला की लक्ष द्यायचे असते, पण जबड्याच्या कोनाजवळच्या ग्रंथींना त्याहून थोडी जास्त सूट देतात. उलट हाडासारख्या कडक, जागची न हलणाऱ्या किंवा हासळीच्या वर आलेल्या गाठीला लहान असली तरी सूट नाही.

कस्तुरी : आमच्या घरी क्षयरोगाची गाठ निघाली. सोनोग्राफीत ग्रंथी एकमेकींना चिकटलेल्या आणि मधून नासलेल्या दिसल्या, पण क्षयाची खात्री सुईच्या तपासणीतूनच झाली. माझी तक्रार त्या प्रयोगशाळेबद्दल आहे: सगळा नमुना त्यांनी काचपट्ट्यांवर संपवला, जीन एक्स्पर्ट (क्षयाच्या जंतूंची जनुकीय चाचणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी) काही उरले नाही, आणि पुन्हा सुई टोचावी लागली. नमुन्याची विभागणी आधीच ठरवून घ्या. माझ्या मते सोनोग्राफी नको, थेट सुई टोचून घ्या.

मुक्तछंद : वर सांगितलेच आहे, तरी पुन्हा सांगतो की हायलमची नोंद अहवालात हवीच. सुईही सोनोग्राफीत पाहतच टोचावी, म्हणजे नासलेला भाग टाळून जिवंत भागातला नमुना मिळतो. लिम्फोमाची शंका असेल तर बारीक सुई पुरत नाही. तेव्हा जाड सुईची बायोप्सी करतात किंवा अख्खी गाठ काढतात.

सायली_मो : सर्वांचे मनापासून आभार. सीटी, थांबणे किंवा थेट सुई यांपैकी काहीच आम्ही आधी करणार नाही, आणि सोनोग्राफीलाही लगेच जाणार नाही. उद्या ताईला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेत आहे. तोंड, दात, टॉन्सिल, टाळू आणि थायरॉइड यांपैकी कुठल्या जागेमुळे या ग्रंथी वाढल्या असतील, हे कोणीतरी हाताने आणि दुर्बिणीने पाहिल्याशिवाय मला चित्रांवर खर्च करायचा नाही. त्यानंतर सोनोग्राफी अशा ठिकाणी करू, जिथे गरज पडल्यास सुईचा नमुनाही घेता येईल.

औदुंबर : यात आणखी एक फेरी वाढली, हे माझे स्पष्ट मत आहे.

ध्रुव_क्ष : ही फेरी वाया जाणार नाही, फक्त ती लांबवू नका. सोनोग्राफीच्या वेळी दोन्ही बाजूंची मान आणि थायरॉइड पाहायला सांगा, कारण थायरॉइडच्या पॅपिलरी कर्करोगात मानेतल्या लसिका ग्रंथीमध्ये बारीक कॅल्शियमचे ठिपके किंवा पाण्याची पोकळी दिसू शकते आणि मूळ गाठ थायरॉइडमध्येच असते. उपाशी राहण्याची गरज नाही. आधीचे कागद मात्र सोबत न्या.