ब्रिटनच्या जोडीदार व्हिसासाठी पुरावे आणि आर्थिक कागदपत्रे: अर्ज आत्ता करावा की थांबावे?

पाऊलवाट यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्या लग्नाला चौदा महिने झाले आहेत. पती ब्रिटिश नागरिक असून लीड्सला नोकरी करतात आणि मी सध्या भारतात आहे. लग्नानंतर ते दोनदा येऊन गेले. सगळे दिवस मोजले तर आम्ही जेमतेम सात आठवडे एकत्र राहिलो आहोत. आता ऑक्टोबरमध्ये जोडीदार व्हिसाचा अर्ज भरायचा असे ठरवले आहे, पण कागद जमवायला बसल्यापासून माझी खात्री कमी कमी होत चालली आहे.

त्यांची सध्याची नोकरी १५ एप्रिलला सुरू झाली आणि वार्षिक पगार २७,५०० पौंड आहे. आवश्यक उत्पन्न २९,००० पौंड असल्यामुळे उरलेली रक्कम बचतीतून दाखवावी लागेल, एवढे मला समजले आहे. माझ्या नावावर इथल्या बँकेत मुदतठेव आहे, तिचे आजच्या दराने सुमारे १२,००० पौंड होतात. पतींच्या बचत खात्यात ५,००० पौंड गेल्या वर्षापासून आहेत आणि १२ जुलैला सासऱ्यांनी त्याच खात्यात आणखी ४,००० पौंड भरले. एकूण २१,००० पौंड होतात. मी स्वतः नोकरी करते आणि माझा पगार चांगला आहे. तो यात धरता येतो का?

दुसरी काळजी नात्याच्या पुराव्यांची आहे. आमच्या नावावर एकत्र असे काहीच नाही, ना भाड्याचा करार, ना विजेचे बिल. फोनवरच्या संदेशांची हजारो पाने होतील, त्यातले काय द्यावे हे कळत नाही. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र मराठीत आहे. शिवाय तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका देशाचा पर्यटक व्हिसा मला नाकारला गेला होता. तो उल्लेख केल्यास अर्ज बिघडेल का? ज्यांनी हा अर्ज केला आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

हिशेबनीस यांचा प्रतिसाद

तुमची एकूण रक्कम पुरेशी आहे, पण ऑक्टोबर हा महिना चुकीचा आहे. तो का, हे आकड्यांनिशी सांगतो, म्हणजे तुम्हाला स्वतः पडताळून पाहता येईल.

प्रथम तुमच्या पगाराविषयी. भारतातून अर्ज करताना अर्जदाराचे परदेशातले उत्पन्न मोजले जात नाही, मग ते कितीही असो. फक्त तिकडच्या जोडीदाराचे उत्पन्न धरले जाते. तुमची बचत मात्र मोजली जाते आणि ती ब्रिटनमध्ये पाठवण्याचीही गरज नसते. नियमनाखाली असलेल्या बँकेत ती इथेच राहिली तरी चालते.

आता बचतीचे सूत्र. पहिले १६,००० पौंड हिशेबातच येत नाहीत, कारण तिकडच्या उत्पन्नाधारित सरकारी मदतीसाठी बचतीची मर्यादा तेवढीच आहे. त्यावरच्या रकमेला अडीचने भागायचे, कारण पहिला परवाना साधारण अडीच वर्षांचा धरलेला आहे; जो भागाकार येईल तेवढी उत्पन्नातली तूट भरून निघते. तुमची तूट १,५०० पौंडांची आहे. तिची अडीच पट ३,७५० आणि त्यात १६,००० मिळवले की १९,७५० पौंड होतात. तेवढी बचत तुम्हाला दाखवावी लागेल.

अडचण येते ती इथे. ही बचत अर्जाच्या तारखेआधी सलग सहा महिने तुमच्या, पतींच्या किंवा दोघांच्या संयुक्त नावावर असली पाहिजे आणि त्या काळात शिल्लक एक दिवसही त्या आकड्याखाली गेलेली चालत नाही. सासऱ्यांचे ४,००० पौंड १२ जुलैला आले, म्हणजे ऑक्टोबरमध्ये त्यांना तीनच महिने झालेले असतील. ते वगळले तर १७,००० पौंड उरतात आणि त्यातून फक्त ४०० पौंडांची तूट भरते. तेवढ्यावर पगार २८,६०० पौंड हवा होता. दुसरे असे की, पगाराच्या ज्या प्रकाराला कॅटेगरी ए म्हणतात, त्यात एकाच मालकाकडे सहा महिने झालेले असावे लागतात आणि त्या सहा महिन्यांतला सर्वांत कमी पगार धरला जातो. महिनाअखेरीस पगार होत असेल तर पूर्ण महिन्याच्या सहा सॅलरी स्लिपा ऑक्टोबरच्या शेवटी हातात येतील. म्हणून १२ जानेवारी उलटून गेल्यावर अर्ज करा. मधल्या काळात पगार वाढला तरी वाढीव आकड्याचा उपयोग पुढचे सहा महिने होणार नाही, तेव्हा बचतीची वाटच जवळची आहे.

सासऱ्यांची रक्कम ही भेट असावी लागते, उसने पैसे चालत नाहीत. ती परत करायची नाही, असे त्यांनी सहीनिशी लिहून द्यावे आणि पैसे कोठून आले हे अर्जात स्पष्ट सांगावे.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात, ती म्हणजे व्हिसाचा खर्च. ९ एप्रिल २०२५ रोजी ब्रिटनबाहेरून करायच्या अर्जाचे शुल्क १,९३८ पौंड झाले आणि आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड आहे. ३३ महिन्यांच्या व्हिसासाठी तो तीन वर्षांचा घेतात, म्हणजे ३,१०५ पौंड. दोन्ही मिळून ५,०४३ पौंड होतात. हे आकडे बदलत असतात, त्यामुळे सरकारी संकेतस्थळावर पुन्हा पाहून घ्यावे. तुमच्या बचतीला १९,७५० पौंडांच्या वर फक्त १,२५० पौंडांची मोकळीक आहे आणि त्यातही मुदतठेव रुपयांत असल्यामुळे अर्जाच्या दिवशीचा विनिमय दर लागू होईल. तेव्हा शुल्क, विमानाची तिकिटे, भाड्याची अनामत यांतले काहीही या दोन खात्यांतून भरू नका. पतींच्या चालू खात्यातून किंवा तुमच्या पगाराच्या खात्यातून भरा.

उंबरठा यांचा प्रतिसाद

हिशेबनीस यांनी जे लिहिले आहे त्यात मी माझा अनुभव जोडतो, कारण आमचा पहिला अर्ज नाकारला गेला होता आणि उत्पन्न पुरेसे असूनही नाकारला गेला होता. माझी पत्नी तिकडे नोकरी करते आणि अर्जदार मी होतो. तिच्या बँकेचे खातेउतारे स्कॅन करताना ऑगस्टच्या उताऱ्याचे तिसरे पान राहून गेले. नेमक्या त्याच पानावर त्या महिन्याचा पगार जमा झाल्याची नोंद होती. राहिलेला कागद मागवण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना असतो, पण तो मागवलाच पाहिजे असे बंधन नसते, आणि आमच्याकडे तो मागवला गेला नाही. आरोग्य अधिभार परत मिळाला, शुल्क मिळाले नाही, आणि आमचे सात महिने गेले, ज्यांची भरपाई कशानेच होत नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही दोघे व्हिडिओ कॉलवर बसलो आणि प्रत्येक सॅलरी स्लिपेवरची हाती येणारी रक्कम उताऱ्यावरच्या जमेशी पेन्सिलीने खूण करत जुळवली. पाच महिने जुळले. सहाव्या महिन्याच्या स्लिपेवर २,०१४.३६ पौंड होते आणि खात्यात १,९१४.३६ आले होते. बराच वेळ डोके खाजवल्यावर तिला आठवले की त्या महिन्यापासून तिने १०० पौंड परस्पर दुसऱ्या खात्यात जमा करायला सांगितले होते. त्या दुसऱ्या खात्याचा उतारा जोडला आणि कार्यालयाकडून घेतलेल्या पत्रात ते वाक्य घालून घेतले. तुमच्याकडेही असा फरक निघाला तर तो लपून राहील असे समजू नका. अर्ज पाहणाऱ्या माणसासमोर तुम्ही नसता, फक्त कागद असतात. मालकाच्या पत्रात नोकरीचा प्रकार, ती केव्हापासून आहे, वार्षिक ढोबळ पगार आणि तो पगार केव्हापासून मिळतो, या चारही बाबी असल्याच पाहिजेत.

नात्याच्या पुराव्यांबद्दल मनावर ताण घेऊ नका. नोकरीमुळे वेगळे राहणाऱ्या नवराबायकोकडे एकत्र बिले नसणे हे अगदी साहजिक आहे आणि ते एका पानाच्या पत्रात सरळ सांगता येते. ओळख कशी झाली, लग्न केव्हा झाले, पती केव्हा आले आणि केव्हा परत गेले, पुढे कोठे राहणार, हे तारखांसह लिहा आणि प्रत्येक तारखेला एखादा कागद जोडा: पासपोर्टवरचे शिक्के, विमानाची तिकिटे, एकत्र राहिलेल्या हॉटेलची दोघांच्या नावाची पावती, एकमेकांना पाठवलेले पैसे. संदेशांची हजारो पाने देऊ नका. दर महिन्यातून एक पान, ज्यावर तारीख आणि नाव दिसते आहे, एवढे पुरते; आजारपण, परीक्षा, घर शोधणे अशा रोजच्या विषयांवरचे बोलणे निवडा, कारण संसाराची खूण त्यातच दिसते. माझ्या मते प्रेमाच्या ओळींपेक्षा ‘डॉक्टर काय म्हणाले’ हा संदेश जास्त बोलका असतो. छायाचित्रे दहा-पंधरा द्या, वेगवेगळ्या प्रसंगांची, दोन्हीकडची माणसे दिसतील अशी, आणि खाली तारीख व ठिकाण लिहा.

विवाह प्रमाणपत्राचे इंग्रजी भाषांतर लागेल. भाषांतर मूळ कागदाशी तंतोतंत असल्याचे भाषांतरकाराचे निवेदन, तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्काचा तपशील त्यावर असावा. संदेश मराठीत असतील तर निवडलेल्या पानांचेही भाषांतर करून घ्यावे लागेल. पाने कमी ठेवण्याचे हेही एक कारण आहे.

नाकारलेल्या पर्यटक व्हिसाचा उल्लेख अवश्य करा. तो नकार तुमच्या आड येण्याची शक्यता फार कमी आहे. तो लपवला तर मात्र फसवणुकीचा मुद्दा उभा राहतो आणि त्यातून बाहेर पडणे अवघड असते.

पाऊलवाट

दोघांचेही मनापासून आभार. काल पतींशी बोलले. जानेवारीपर्यंत थांबायचे ठरले. तीन महिने आणखी दूर राहायचे हे दोघांनाही जड गेले, पण नकार आला तर त्याहून जास्त काळ जाईल हे पटले. दोन शंका उरल्या आहेत. मुदतठेव गेल्या वर्षी १८ डिसेंबरला एक वर्षासाठी ठेवली होती, म्हणजे ती अर्जाच्या आधीच पूर्ण होते. आणि तिच्यावर आईचेही नाव आहे. बँकेत विचारून ते कोणत्या नात्याने आहे हे पाहावे लागेल का?

हिशेबनीस

जरूर पाहा, आणि आजच पाहा. आई नॉमिनी असतील तर काहीच अडचण नाही. त्या संयुक्त ठेवीदार असतील तर ती ठेव नियमात बसत नाही, कारण खाते अर्जदाराच्या, जोडीदाराच्या किंवा त्या दोघांच्याच नावावर हवे. तसे निघाले तर पैसे आताच तुमच्या एकटीच्या नावावर घ्या, पण सहा महिन्यांची मोजणी त्या दिवसापासून नव्याने सुरू होईल, असेच धरून चाला.

मुदत संपण्याची भीती नको. मुदतीआधी मोडता येणारी ठेव, मग मोडताना दंड बसत असला तरी, रोख बचत म्हणून चालते. डिसेंबरमध्ये ती पुन्हा ठेवली तर जुन्या ठेवीचा क्रमांक, ती पूर्ण झाल्याची तारीख आणि नव्या ठेवीचा क्रमांक हे तिन्ही एकाच पत्रात बँकेकडून लिहून घ्या. रक्कम बचत खात्यातून फिरून जात असेल तर त्या खात्याचाही उतारा जोडा, म्हणजे मधल्या दिवसांत पैसे कोठे होते हा प्रश्न उरत नाही. मी स्वतः ठेव मुदतीनंतर बचत खात्यातच राहू दिली असती. व्याज थोडे बुडते, पण कागद एक कमी होतो.

दिवाबत्ती यांचा प्रतिसाद

राहण्याच्या जागेचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहिते. पती मित्राबरोबर घर वाटून राहत असतील तर निदान एक झोपण्याची खोली फक्त तुम्हा दोघांसाठी असावी लागते आणि घरात गर्दी होता कामा नये. गर्दीचे मोजमाप १९८५च्या हाउसिंग ॲक्टमधले आहे: एका खोलीला दोन माणसे, दोन खोल्यांना तीन, तीन खोल्यांना पाच, आणि यात बैठकीची खोलीही धरली जाते. भाड्याचा करार आणि तुम्ही तिथे राहायला येण्यास हरकत नसल्याचे घरमालकाचे पत्र जोडा.

क्षयरोग तपासणीचे प्रमाणपत्र सहा महिनेच चालते, तेव्हा ती डिसेंबरमध्ये मान्यताप्राप्त केंद्रात करा. इंग्रजीची ए१ पातळीची बोलण्या-ऐकण्याची परीक्षा आधी दिली तरी चालेल. पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असेल तर परीक्षेऐवजी एक्टिस या संस्थेचे प्रमाणपत्र घेता येते, पण त्यालाही वेळ लागतो.

शेवटचे, तारखांचे. अर्जाची तारीख म्हणजे ऑनलाइन अर्ज पाठवून शुल्क भरल्याचा दिवस. व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे देण्याचा दिवस नव्हे. सर्वांत अलीकडचा खातेउतारा त्या दिवसाच्या मागे २८ दिवसांहून जुना नसावा. तुमच्या बाबतीत डिसेंबरअखेरचा उतारा एकटा पुरणार नाही, कारण सासऱ्यांच्या रकमेचे सहा महिने १२ जानेवारीला पूर्ण होतात. म्हणून पतींनी १५ जानेवारीच्या सुमारास बचत खात्याचा ताजा उतारा काढावा, तुम्ही त्याच आठवड्यात ठेवीचे पत्र घ्यावे, जुलै ते डिसेंबर या सहा महिन्यांच्या स्लिपा आणि उतारे शेजारी ठेवून एकदा पुन्हा जुळवावेत आणि मगच शुल्क भरावे.