युक्रेनियन स्थलांतरितांची चित्रं: सुरुवात कुठून करू?

रेवती
युक्रेनबाहेर वाढलेल्या युक्रेनियन चित्रकारांवर लिहायचं मनात आहे. आतापर्यंत पाहिलं त्यात भरतकामाचे सदरे, नक्षीदार ईस्टरची अंडी (पिसांका) आणि सूर्यफुलंच जास्त. डोळ्यांना छान वाटतं, पण घर सोडून गेलेल्या माणसाचं पुढे काय झालं, ते कळत नाही. कोणाची चित्रं पाहू?

माधव
विल्यम कुरेलेक. बाकी सगळे नंतर.

जन्म १९२७, कॅनडातल्या अल्बर्टात. वडील बुकोव्हिनामधल्या (हा भाग आज पश्चिम युक्रेनमध्ये आहे) बोरिव्त्सी गावातून आलेले शेतकरी, आणि मुलाचं चित्रं काढणं त्यांना मुळीच पसंत नव्हतं. त्याच वडिलांसाठी त्याने १९५२मध्ये ‘झापोरोझियन कोसॅक्स’ रंगवलं. कोसॅक्स म्हणजे युक्रेनचे जुने लढवय्ये; विषय सगळ्या युक्रेनियनांना माहीत असलेला, शौर्याचा. पण मला त्यात बापाने एकदा तरी आपलं म्हणावं म्हणून धडपडणारा मुलगाच दिसतो.

पुढे टोरांटोत एका कलादालनात तो फ्रेमा बनवायचा. स्वतःच्या चित्रांच्या फ्रेमाही स्वतःच करायचा, आणि काहींवर युक्रेनियन लोकनक्षी रंगवायचा. म्हणजे तुम्ही म्हणता ती नक्षी त्याच्याकडेही आहे, पण कडेला. आत नांगरट, बर्फ, गुरं, राबणारी माणसं. पुस्तकांत बहुधा फ्रेम कापून चित्र छापतात, त्यामुळे निम्मं म्हणणंच हरवतं. फ्रेमसकट फोटो मिळवाच. ‘द युक्रेनियन पायोनियर’ ही सहा चित्रांची मालिकाही पाहा.

अनघा
कुरेलेक थोर आहेच, पण ती १८९१पासून कॅनडात जमीन कसायला गेलेल्यांची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर निर्वासित म्हणून गेलेल्यांचं जग निराळं होतं. त्यासाठी नताल्का हुसार पाहा. जन्म १९५१, न्यू जर्सी, आईवडील निर्वासित, पुढे टोरांटोत स्थायिक. मोठ्यांच्या आठवणींतून उभा राहिलेला देश एकीकडे, आणि १९९१नंतरचा, सोव्हिएत संघातून स्वतंत्र झालेला खराखुरा युक्रेन दुसरीकडे. ‘ब्लॅक सी ब्लू’ ही तिची मालिका पाहताना मला अस्वस्थ व्हायला झालं. वारसा म्हणजे फक्त अभिमान, असं ती मानत नाही, आणि म्हणूनच मला ती जवळची वाटते.

रेवती
दोघांचे खूप आभार! फ्रेमेचं तर कधी डोक्यातच आलं नव्हतं. माधव, कुरेलेकने वडिलांचं गाव पाहिलं होतं का?

माधव
हो. १९७०मध्ये गेला, तेव्हा सोव्हिएत राजवट होती. पुन्हा १९७७मध्ये गेला, तिथे भरपूर चित्रं काढली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वारला. कॅनडातली शेतं त्याने आठवणीतून रंगवली होती. बोरिव्त्सी मात्र समोर बसून. ही दोन्ही प्रकारची चित्रं शेजारी ठेवून बघा, तुमच्या लेखाला तिथूनच सुरुवात करता येईल.