त्रिनिदाद-टोबॅगोला कोणी जाऊन आलंय का? मदत हवी आहे
मंडळी, डिसेंबरात न्यू जर्सीहून ७ दिवस चाललोय, आम्ही दोघं आणि सासूबाई. खाण्याचं टेन्शन नाही, तिथे सकाळी रस्त्यावर डबल्स मिळतात म्हणे, हळद घातलेले दोन मऊ 'बारा' (तळलेल्या पुऱ्यांसारखे) आणि मधे रसरशीत छोले, आईंचं भागेल (मला मात्र माराकास बीचवर तळलेला शार्क खायचाच आहे). प्रश्न असा की संध्याकाळी कॅरोनी स्वॅम्पमधे (दलदलीत) ते लालभडक आयबिस पक्षी झाडांवर उतरतात ते बघायला बोटीत चढणं गुडघेदुखीवाल्यांना जमतं का, आणि डास किती असतात? त्रिनिदादहून टोबॅगो बेटावर जायला फेरी बोट बरी की विमान? आईंना बोट लागते, पण तिथला नायलॉन पूल, म्हणजे भर समुद्रात कंबरभर पाणी, ते त्यांनाच बघायचंय!