अनुभव धागा: आपला होता, आणि तसा निघून गेला

आमच्या घरात लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबचा एक लाल शर्ट आहे, पाठीवर 66. लेकाच्या दहाव्या वाढदिवसाला, 2019 मध्ये घेतलेला. ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्डचा नंबर. गेले काही महिने तो कपाटाच्या तळाशी पडून आहे. परवा बायकोने विचारलं, "फरशी पुसायला घेऊ का हा?" लेक आता सोळा वर्षांचा आहे. मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "घे." माझ्याच्याने मात्र हो म्हणवेना. म्हणून हा धागा काढतोय.

ट्रेंट लिव्हरपूल शहरातलाच पोरगा, सहा वर्षांचा असल्यापासून क्लबच्या अकादमीत. 7 मे 2019 ची रात्र आठवतेय? बार्सिलोनात पहिल्या सामन्यात 3-0 ने मार खाऊन आलेलो आणि परतीच्या सामन्यात ॲनफिल्डवर, आपल्या घरच्या मैदानावर, तिन्ही गोल फेडून झालेले. हा कॉर्नरपाशी चेंडू ठेवून निघाल्यासारखा झाला आणि गर्रकन मागे वळून मारला. बार्सावाल्यांचं लक्षच नव्हतं. आपल्या ओरिगीने गोल केला. आपल्याकडे दोन वाजून गेले होते. शेजारच्या खोलीत सासूबाई झोपलेल्या, म्हणून आम्ही बापलेक तोंडावर उशी दाबून ओरडत होतो.

या क्लबचा कर्णधार व्हायचंय, असं तो म्हणायचा. करार संपत आला तरी सही काही केली नाही. लीग जिंकून आठ दिवस होतात न होतात तोच, 5 मे 2025 ला, जातोय म्हणून जाहीर केलं. कुठे ते बोलला नाही, पण रेआल माद्रिद हे पोराटोरांनाही माहीत होतं. सहा दिवसांनी आर्सेनलविरुद्ध बदली म्हणून उतरला, तेव्हा घरच्याच मैदानाने त्याची हुर्यो उडवली. एवढा घडवलेला खेळाडू, पण करार संपवून जाणार, म्हणून क्लबच्या हाती आलं काय, तर क्लब वर्ल्ड कपसाठी महिनाभर आधी सोडल्याचे थोडेफार पैसे.

तुम्हाला कुणाचं जाणं असं लागलंय? नेमकं काय लागलं तेही लिहा. क्लब मोठा असो नाहीतर गल्लीतला.

कोल्हापूर, पेठेतला

गल्लीतलंच लिहितो. आमच्याकडं फुटबॉल संस्थानच्या काळापासून आहे, आणि तो पेठेचा, तालमीचा आहे; संघ तालमींचेच. शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठेत दुकानं अर्धी बंद. माणूस आधी कुठल्या तालमीचा ते बघतात, मग नाव विचारतात.

आमच्या बोळातला एक पोरगा होता. बाप लहानपणीच गेलेला, आई चार घरी भाकऱ्या करायची. पायात जादू होती त्याच्या. त्याचे पहिले बूट तालमीच्या वर्गणीतनं घेतले. मी स्वतः पावतीपुस्तक घेऊन फिरलोय. साईज एक नंबर मोठी आली, परत द्यायला वेळ नव्हता, म्हणून पुढं कापूस कोंबून खेळला आणि त्या मॅचला दोन गोल मारले. ते बूट कितीतरी वर्षं तालमीत खिळ्याला अडकवलेले होते.

आणि एका वर्षी खेळाडू नोंदणीच्या दिवशी कळलं की तो समोरच्या तालमीकडनं सही करून आला. ज्यांच्याशी आमचं साता जन्माचं वैर, त्यांच्याकडनं! आदल्या रात्री आमच्याच कट्ट्यावर बसून यंदा फायनल मारायची म्हणत होता. चहाचे पैसे मी दिलेले.

पहिली मॅच आमच्याशीच पडली. त्याच्या पायाला चेंडू लागला की आख्खी गॅलरी "गद्दार, गद्दार". मीही ओरडलो, घसा बसेपर्यंत. त्यानं आमच्यावर गोल केला आणि उड्या मारल्या नाहीत, मान खाली घालून मध्यरेषेकडं गेला. त्यानं राग आणखी वाढला.

यातलं एकच मला बरोबर वाटत नाही. त्याच्या आईला पण लोकांनी सोडलं नाही. नळावर टोमणे. त्या गणपतीत ती आरतीला आली नाही.

पुणे

मी 2002 मध्ये शिकायला बार्सिलोनात होतो. घरमालकीण सत्तरीची, क्लबची जुनी सभासद. तिच्या स्वयंपाकघरात संघाचा फ्रेम केलेला फोटो होता आणि त्यात एका माणसाच्या चेहऱ्यावर पांढरी चिकटपट्टी. कोण, म्हणून विचारलं तर तिने नाव घेतलंच नाही. "तो," एवढंच.

लुईश फिगो. बार्साचा उपकर्णधार, पोर्तुगालहून आलेला आणि तिथलाच झालेला. 2000 च्या उन्हाळ्यात, राहणार राहणार म्हणत असतानाच, थेट कट्टर वैरी रेआल माद्रिदला. फ्लोरेंतिनो पेरेस तिथल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे होते आणि फिगोला आणतो हेच त्यांचं वचन होतं. आणला नाही तर सभासदांची वर्गणी मी भरेन, असं म्हणाले होते. करारात सोडवणुकीची रक्कम लिहिलेली, 10 अब्ज पेसेटा, सुमारे 6 कोटी युरो. ती मोजली की बार्साला अडवता येत नव्हतं. त्या काळी एवढे पैसे कुठल्याच खेळाडूसाठी मोजले गेले नव्हते.

23 नोव्हेंबरला माद्रिद बार्साच्या मैदानावर, कॅम्प नोऊमध्ये, खेळायला आलं तेव्हा मी वरच्या रांगेत होतो. फिगो कॉर्नर मारायला गेला की शिट्ट्यांनी कानात दडे बसायचे. मग नाणी, लायटर, बाटल्या. रेफरीने खेळ पंधरा मिनिटांच्या आसपास थांबवला. कुणीतरी डुकराचं मुंडकंही फेकलं, ते मला वरून दिसलंच नाही, दुसऱ्या दिवशी पेपरात पाहिलं. मला जास्त आठवतं ते हे, की त्याने कॉर्नर दुसऱ्या कुणाला मारू दिला नाही. समोरची बाटली उचलून बाजूला ठेवायचा आणि पुन्हा चेंडू नीट लावायचा. सामना 0-0 सुटला.

घरी आल्यावर मालकीणबाईंना सांगितलं. मुंडकं फेकलं हे वाईटच, म्हणाल्या. चिकटपट्टी मात्र काढली नाही.

ठाणे

आमचा क्लब आर्सेनल. रॉबिन व्हॅन पर्सी, 2012. लीगमध्ये 30 गोल मारून आमचा कर्णधार मँचेस्टर युनायटेडला गेला. माझ्यातला लहान मुलगा मँचेस्टर युनायटेड म्हणून ओरडत होता, असं त्याने वर बोलूनही दाखवलं. आणि आमच्याकडच्या आठ वर्षांत तो लहान मुलगा काय करत होता? पुढच्या एप्रिलला ते विजेते म्हणून आमच्याच मैदानावर आले आणि आमच्या खेळाडूंना दोन रांगांत उभं राहून टाळ्या वाजवाव्या लागल्या. मी टीव्ही बंद केला. जास्त लिहवत नाही.

मुंबई, लालबाग

मी सोडून गेलेल्यांपैकी आहे, म्हणून लिहितो. वडील गिरणीत होते, 1982 च्या संपानंतर घरीच बसले. मी इथल्या एका लहान क्लबकडून खेळायचो. आमचे मास्तर पैसे न घेता शिकवायचे, वर केळी आणि उकडलेली अंडी स्वतःच्या खिशातून. मग एका कंपनीच्या संघातून विचारणा आली. कायम नोकरी, सकाळी सराव, दुपारी ऑफिस. तेव्हा मुंबईत बहुतेकांचा फुटबॉल असाच चालायचा. घरात खाणारी सहा तोंडं होती. मी काय करणार होतो?

जाण्याबद्दल मला आजही खंत नाही. पण मी मास्तरांना सांगितलं नाही. हिंमत झाली नाही. रविवारी कूपरेजच्या मैदानावर ते माझी जर्सी इस्त्री करून, वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले होते. मी समोरच्या संघात उभा. त्यांनी पाहिलं, पुडकं पिशवीत ठेवलं आणि पिशवीची गाठ मारली. सामना संपेपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. पेठेतल्या भाऊंना सांगतो, तुमच्या त्या पोराने उड्या का मारल्या नाहीत हे मला कळतं.

धागाकर्ता

लालबागचे काका, तुमचं दोनदा वाचलं. 4 नोव्हेंबर 2025 ला ट्रेंट माद्रिदकडून ॲनफिल्डवर आला होता. शेवटच्या दहा मिनिटांत उतरला. चेंडूला पाय लागला की हुर्यो. आम्ही 1-0 ने जिंकलो. रात्री दीडला सुरू झालेला सामना, लेक शाळा असूनही जागा होता. तो उतरला तेव्हा लेक उठून पाणी प्यायला गेला आणि परत आलाच नाही. शर्ट मी अजून दिलेला नाही.

पेठेतले दादा, पुढं काय झालं? बोलणं झालं का कधी?

कोल्हापूर, पेठेतला

नाही. तो तीन वर्षं तिकडं खेळला, मग गुडघा गेला. आता पोराला घेऊन मॅच बघायला येतो, त्यांच्या गॅलरीत बसतो. आई पाच वर्षांमागं वारली तेव्हा आख्खी तालीम खांदा द्यायला गेली. मीही गेलो. त्यानं हात जोडले, मी पण जोडले. लालबागच्या काकांचं वाचून रात्रभर डोक्यात तेच चाललंय. पण खरं सांगतो, परवा दसरा चौकात समोरनं आला आणि माझी मान आपोआप दुसरीकडं वळली.