सावंतवाडीची ठकी आणि चिंध्यांची बाहुली कशी जपावी?

सुरंगी: आईच्या लहानपणची ठकी, म्हणजे पांगाऱ्याच्या लाकडाची बाहुली, आहे. तळाला टाचणीएवढी भोकं पडलीत, पिठासारखा भुसा गळतो. सोबतच्या चिंध्यांच्या बाहुलीत सावरीचा कापूस आहे, तिला बुरशीचे ठिपके आलेत. वेंगुर्ल्याची दमट हवा. लेकीला द्यायच्या आहेत, काय करू?

रातांबा: भुसा ताजा, फिकट असेल तर कीड जिवंत आहे. ठकी सुती कापडात गुंडाळा, पिशवीत घालून हवा काढा, चिकटपट्टी लावा. उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये २ आठवडे. नंतर पिशवी २४ तास उघडू नका, गार लाकडावर पाणी धरलं की रंग सुटतो. पोपडे आधीच निघत असतील तर हा उपाय नको. ओल्या फडक्याने पुसू नका, वॉर्निश तर नकोच! जुन्या रंगात शिसं असू शकतं. लेक तोंडात वस्तू घालत असेल तर ठकी कपाटातच बरी.

आगोटी: बाहुली अख्खी धुऊ नका ताई, आतली सावरी गोळा होते आणि आपल्याकडे वाळतही नाही. बुरशी अंगणात मऊ ब्रशने झटका, नाकाला फडकं बांधून. पाठीची शिवण २ इंच उसवून सावरी काढा, कापड रिठ्याच्या पाण्यात हलकं धुवा. नवी सावरी चिमूट-चिमूट, आधी हातापायांत, पेन्सिलीने दाबत भरा. मानेत कमी पडली तर डोकं लटकतं.

सुरंगी: डोळे काळ्या दोऱ्याचे आहेत. रंग उतरेल?

आगोटी: पांढरं ओलं फडकं मिनिटभर दाबून बघा. डाग आला तर चेहरा धुऊ नका.