नळीखालची लाइट की हातातली बॅटरी?

येऊर पायथा
काल इथे ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, "घरात बारा बोअरची बंदूक असेल तर नळीखाली हजार लुमेनची लाइट ठोका, वेगळी बॅटरी बाळगायची गरज नाही." त्यावर भराभर अंगठे पडले. मला ते वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

नळीवरची लाइट जिकडे फिरते तिकडे नळीही फिरते. २०१९ च्या मे महिन्यात आमच्या मुरबाडच्या घरी रात्री अडीचला मागच्या पडवीत भांडं वाजलं. मी डीबीबीएल, म्हणजे दुनळी बंदूक, उचलली, क्लॅम्पने बसवलेली लाइट मारली. झोतात माझा पुतण्या उभा. एका हातात तांब्या, दुसरा हात डोळ्यांवर. आणि माझ्या दोन्ही नळ्या त्याच्या छातीवर. कल्याणहून शेवटच्या एसटीने आला होता, कोणाला उठवायला नको म्हणून मागून शिरला. माझं बोट घोड्याबाहेर होतं, म्हणून आज हे लिहू शकतोय. त्याच्या तांब्यातलं पाणी फरशीवरून माझ्या पायापर्यंत आलं, ते गार पाणी मी विसरलेलो नाही.

आधी हातबॅटरीने माणूस ओळखा. बंदूक त्यानंतर.

शहापूर वाडी
काका, पोरगा वाचला, देवाची कृपा. पण सांगा, डाव्या हातात बॅटरी धरली तर डीबीबीएल पेलायची कशी? बारा बोअरचा झटका एका हाताने सोसत नाही, नळी आभाळात जाते. आमच्या वाडीवर शेजारचं घर शंभर पावलांवर आहे. चार वर्षांपूर्वी पंप चोरायला तिघे आले, तेव्हा बायको मागे उभी राहून बॅटरी मारत होती आणि मी पुढे. तिचा हात थरथरत होता, उजेड माझ्याच पाठीवर पडत होता. माझी सावली पुढे भुतासारखी नाचत होती आणि ते तिघे मला स्वच्छ बघत होते. दुसऱ्याच आठवड्यात मी नळीखाली लाइट बसवली.

खारघरकर
वाडीवर ठीक आहे हो. आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये हजार लुमेन कशाला? मी करून बघितलंय. पॅसेजच्या पांढऱ्या भिंतीवरून उजेड उलटा डोळ्यांत आला, नंतर बेडरूमचं दार कुठे तेही दिसेना. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, ते एका सेकंदात गेलं. आणि दाराबाहेर लॉबी, लॉबीपलीकडे शेजारच्यांचं दार. एसजी काडतुसाचे नऊ जाड छर्रे लाकडी दारापाशी थांबत नाहीत. तिथे लाइटची चर्चा करण्याआधी कुलूप आणि ग्रील नीट करा.

घोडबंदर ७२
लुमेन लुमेन करणाऱ्यांनी कँडेला बघा. लुमेन म्हणजे एकूण उजेड, कँडेला म्हणजे तो किती एकवटलाय. दहा हजार कँडेलाची लाइट दहा मीटरवर शंभर लक्स, म्हणजे तिथे पडणारा उजेड, देते, पन्नास मीटरवर फक्त चार. शहापूरकरांना लांब झोत हवा, खारघरकरांना पसरट आणि मंद. दोघांनी एकच लाइट घेऊ नये. पंप अ‍ॅक्शन, म्हणजे पुढची पकड मागे-पुढे सरकवून काडतूस भरायची बंदूक, असेल तर पुढच्या सरकत्या पकडीतच लाइट असलेली घ्या, बटण बोटाखाली राहतं. डीबीबीएलला रेल नसते, क्लॅम्प नळीवर बसवावा लागतो आणि पाच-दहा बारांत ढिला होतो.
शिवाय कायदाही बघा. मालमत्ता वाचवताना समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत हक्क कधी जातो, ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ४१ मध्ये आहे, आणि त्यात सूर्यास्तानंतरची घरफोडी स्पष्ट लिहिलेली आहे.

येऊर पायथा
कलम ४१ चोरासाठी आहे. पुतण्यासाठी कुठलं कलम आहे ते सांगा.

कळवा खाडी
लाइट-लाइट काय करताय? २०२४ मध्ये लोकसभा निवडणुकीला बंदूक पोलिसांकडे जमा, विधानसभेला पुन्हा जमा. वडिलांची बंदूक, पन्नास वर्षं जपलेली. परत आली तेव्हा दोन नळ्यांमधल्या पट्टीवर लालभडक गंज आणि दस्त्याला चीर. विचारलं तर म्हणाले, "आधीपासूनच असेल." मी रडलो त्या दिवशी.

निवृत्त अंमलदार
मी अशी कोठारं सांभाळलीत. एक खोली, शेकडो बंदुका, एक कारकून आणि पावसाळ्यात गळणारं छत. देताना नळ्यांना आतून-बाहेरून तेल लावा, सुती कापडात गुंडाळा, पावतीवर स्थिती लिहून घ्या. तुम्ही लिहून घेतली होती का?

कळवा खाडी
नाही घेतली. म्हणून गंजवायचा हक्क मिळाला का?

शहापूर वाडी
आणि सरसकट जमा करायच्याच नसतात. कोणाची बंदूक जमा करायची ते ठरवणाऱ्या छाननी समितीने ज्याचा त्याचा विचार करायचा असतो. आम्हाला मात्र तोंडी निरोप, उद्यापर्यंत आणून द्या. त्या दोन महिन्यांत वाडीवर बिबट्या फिरत होता, दोन शेळ्या गेल्या.

निवृत्त अंमलदार
बिबट्यासाठी बंदूक मागताय? वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमधला, सगळ्यात जास्त संरक्षण असलेला प्राणी आहे तो. जिवावर बेतल्याशिवाय हात लावाल तर १९७२ च्या त्या कायद्याखाली आत जाल. माझ्याशी या सुरात बोलू नका.

शहापूर वाडी
मारायचं कोण म्हणालं? शेळ्या माझ्या गेल्या, सुराचं मला सांगू नका.

खारघरकर
थांबा दोघेही. ते दोन महिने घरात काय उरलं? हातबॅटरीच ना? मग येऊरकाकांचं म्हणणं खोटं कुठे आहे?

घोडबंदर ७२
ते मान्य करावं लागेल. पण काका, नळी माणसावर न रोखताही नळीची लाइट वापरता येते. नळी जमिनीकडे ठेवून फरशीवर झोत मारा. परतून येणाऱ्या उजेडात खोलीतला चेहरा ओळखू येतो.

येऊर पायथा
काल रात्री करून बघितलं. काडतुसं काढून कपाटात टाकली, कुलूप लावलं, बायकोने नळ्या रिकाम्या असल्याचं बघितलं, मग दिवे घालवले. हॉलमध्ये फरशीवर झोत मारला, पुतण्या सोफ्याशी उभा होता. चेहरा दिसला, हातातला मोबाइलसुद्धा दिसला. तेवढं तुमचं खरं. पण पडवीत शेणाची जमीन आहे, तिथे काहीच परतलं नाही, नुसता अंधार. माझी हातबॅटरी उशाशीच राहणार.

शहापूर वाडी
आमचं अंगणही शेणानेच सारवलेलं आहे. मीही कालपासून एक उशाशी ठेवलीय. नळीवरची मात्र काढणार नाही.